कणगीला कान

हौसाक्का रात्री कणगीला कान लावते.
दरसाल मार्गशीर्ष सरला की आतून यायची
सोंड्यांची बारीक करकर,
अंधारात कुणी सुपारी कातरत बसल्यासारखी.
यंदा काहीच नाही.
"गप बसलेलं पोर," ती म्हणाली,
"कायतरी उद्योग करत असतंय."

दोष माझाच. भाचीचा, शिकलेलीचा.
मळणी उरकून घनसाळ अंगणात वाळलं, तेव्हा
आजऱ्याच्या बाजारातून मी दोन पाकिटं आणली,
काळसर भुकटीची.
"ह्यात काय हाय?"
"जिवाणू."
"जित्तं?"
"जित्तं."
"मग खात्यात काय?"

कॉलेजात चार वर्षं हा प्रश्न
मला कुणी विचारला नव्हता.
मी म्हटलं, गूळ चालेल.
तिनं चहाचा काळा गूळ बाजूला सारला,
सणाची पिवळी ढेप काढली, वरवंट्यानं फोडली.
"पयल्यांदाच घरात आल्यात."
उकळलेलं गुळवणी निवायला ठेवलं,
आणि भुकटी घालायच्या आधी
त्यात कोपर बुडवून बघितलं,
बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं.

गोणपाटावर बियाणं, त्यावर ते काळं पाणी,
वरखाली, वरखाली, चार हात.
दाण्यादाण्याला तीट लागली.
उन्हात नाही, सोप्यात वाळवायचं, म्हटल्यावर
शेजारचा बाळकू दारात उभा राहून हसला,
"सावलीत भात? लगीन हाय काय त्याचं?"
हौसाक्का काही बोलली नाही.
फक्त उंबऱ्यावरचा त्याचा पाय
केरसुणीनं खाली सारला.

भांडण झालं ते राखेवरून.
तिच्या सासूपासून कणगीत राख पडत आलेली.
मी म्हणाले, नको, मरतील.
ती म्हणाली, माझी सासू काय येडी हुती?
शेवटी वर निंबाचा पाला, राख तळाला, विटांखाली,
असा तह झाला.
दुसरं पाकीट पेरणीसाठी.
ते तिनं रांजणामागे ठेवलं, ओल्या फडक्यात,
आणि रोज सकाळी, न चुकता,
फडकं भिजवलं. माझ्या फोनवरची आठवण वाजायच्या आधी.

चैत्रात कणगी फोडली.
तिनं कोपरापर्यंत हात घातला, मूठ नाकाशी नेली.
कोंदट गोधडीचा तो वास नव्हता.
सुपात पाखडताना सोंडे सापडले तीन.
तीनच.
तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला,
परगावी ओळखीचं कुणी भेटावं तसा.

ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळले.
पाचव्या दिवशी उलगडून तिनं बोट फिरवत मोजले:
चार विसा आणि बारा.
मी वहीत ब्याण्णव लिहिलं.
ती उरलेल्या आठांकडेच बघत होती.
"ह्यास्नी गूळ पोचला नसंल."
पदराच्या टोकाला आठही बांधले तिनं.
पुढे त्यांचं काय केलं, मी विचारलं नाही.

मग धूळवाफ.
ढेकळं फोडून फोडून रान पिठासारखं झालेलं,
आभाळ कोरडं, कुरीचं नळं तापलेलं.
आदल्या संध्याकाळी दुसरं पाकीट चोळून झालं होतं.
शेवटचं तास सुटल्यावर ती बांधावर टेकली.
"आता ती कुठं ऱ्हातील?"
"मुळापाशी."
"आन गूळ?"
"आता मूळच घालतं त्यांना खायला,
आपल्यातला गोडवा बाहेर सोडून."
तिनं थोडा वेळ विचार केला.
"म्हंजे घरजावई."
"पण काम करणारे," मी म्हणाले.
"मग लई झालं."

दिवस मावळला. बैल सोडले.
मी कासरा गुंडाळून वळले, तर ती मागे राहिलेली,
रानात आडवी, धुळीला कान लावून.
"आक्का, काय ऐकतीस?"
तिनं हात वर केला.
"गप. जेवत्यात."