काटा

विडी घरकुलातल्या तिसऱ्या गल्लीत
सकाळी दहालाच भिंत तापलेली असते.
ड्रिल लावलं की आधी चुना पडतो, मग विटेची लाल भुकटी,
मग पलीकडचा उजेड.
त्या भोकात आधी प्लास्टिकची नळी सरकवायची,
तिच्यातून गॅसची.
भिंतीनं पाइपाला आवळायचं नसतं, नुसती वाट द्यायची असते,
हे मला जमादार उस्तादांनी होटगी रोडच्या साइटवर शिकवलं,
शिवी घालून.

विजेच्या वायरीपासून वीतभर लांब.
शेगडीशेजारी पिवळ्या दांड्याची चावी, अशा जागी
की अंधारात घाबरलेल्या हातालाही सापडावी.
सिलेंडरचा गॅस खाली बसतो, हा वर चढतो,
म्हणून छताजवळ एक जाळी, बारा महिने उघडी.
"पारवे येतात," गुंडेटीकाकू म्हणाल्या.
येऊ देत.
"धूळ येते की."
येऊ दे, काकू.

दोन्ही तोंडं बंद करून पाइपात हवा भरली.
मीटर लावलं. अर्धा तास
काटा हलता कामा नये.
या अर्ध्या तासात फिटरला दुसरं काम नसतं.
काकूंनी कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणी पुढे केली,
नरसय्याकाका खाटेवरून काट्याकडे बघत राहिले,
आणि मी रोजचं पाठ वाक्य म्हटलं:
गॅसला मूळचा वास नसतो, आम्ही मुद्दाम घालतो,
सडक्या अंड्यासारखा. वास आला की चावी बंद,
दारं-खिडक्या उघडायच्या, दिव्याच्या बटणाला हात नाही.

काकू हसल्या.
"मला वास येत नाही रे."

एकोणचाळीस वर्षं मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
दिवसाला हजार विड्या.
"आधी तंबाखूचाच वास गेला. मग करपल्या भाताचा.
नातू झाला तेव्हा त्याच्या टाळूला नाक लावलं,
नुसतं ऊन लागलं."

काटा हलला नव्हता.
गुडघ्यावर फॉर्म होता. सांधे किती, दाब किती,
वायुवीजन आहे का,
ग्राहकास सूचना समजावल्या: होय, नाही.
नाकाला रकाना नव्हता.

तुम्हाला तरी येतो ना वास, मी काकांना विचारलं.
"काय?"
पुन्हा विचारलं.
"काय?"
बत्तीस वर्षं माग चालवला त्यांनी.
कारखाना भंगारात गेला तेव्हा
लोखंडाबरोबर त्यांचे कानही तोलले गेले असतील.
तिसऱ्यांदा ओरडल्यावर म्हणाले, "वास येतो.
ही विडी कारखान्यावर गेली की मी एकटाच असायचो घरात.
आता मी दवाखान्यात गेलो की ही एकटी."

मग मीटरकडे बोट केलं.
"ताण्यातला एक धागा तुटला
तर एक पत्ती खाली पडायची, अन् माग जागीच थांबायचा.
चार हजारातला एक. तुमच्या ह्याच्यात तसं काय आहे?"

आहे, मी म्हटलं. एक डबी मिळते, गॅस दिसला की कोकलते.
काका ऐकणार नाहीत, पण काकू ऐकतील.
कंपनी देत नाही. बाजारात घ्यावी लागते.
किंमत सांगताना मी भाकरीकडे बघितलं.

जाताना सांध्यांना साबणाचं पाणी लावलं.
"दे इकडे," म्हणून काकूंनी ब्रश घेतला.
विडीचं तोंड मोडणारी बोटं
सांध्याच्या गळ्याभोवती सावकाश फिरली.
फेस आला, बसला. फुगा नाही.
"असं रोज करू?"
महिन्याला एकदा, मी म्हटलं.
त्यांनी ब्रश चुलीमागच्या खिळ्याला टांगला,
उदबत्तीच्या पुड्याशेजारी.

फॉर्मच्या समासात मी तिरकं लिहिलं:
घरात दोघं. एकाला ऐकू येत नाही, एकीला वास येत नाही.
डबी बसेपर्यंत गॅस सोडू नये.
ऑफिसात विचारतील, हे कुठल्या नियमात आहे.