पिस्टनचं माप

कागदावर लिहून द्या, म्हटलं डॉक्टरांना,
रोज किती चालवायचा.
आम्ही लेथवरची माणसं,
ड्रॉइंग असल्याशिवाय जॉब चकमध्ये धरत नाही.

इंगवले मॅडम हसल्या.
टेबलावर पिस्टन, वय चौदा महिने,
मुधोळचा वाण, फासळ्या लांबून मोजाव्यात अशा,
आणि माझ्या हातात, पुडीत बांधून,
त्यानं कुरतडलेल्या चपलेचा अंगठा.
पुरावा म्हणून नेलेला.

सकाळी तास, संध्याकाळी तास, म्हणाल्या.
प्लस-मायनस किती?
ते तोच सांगेल.

मग पाचाला उठणं आलं.
उद्यमनगरात आठाची पाळी,
त्याआधी गंगावेशीतून निघून
रंकाळ्याचा अख्खा वेढा.
संध्यामठापाशी पाणी अजून काळं,
आणि पट्ट्याच्या त्या टोकाला
वारं बांधल्यागत.
तालमीतली पोरं अंगाची माती झाडत म्हणायची,
पायगोंडा मिस्त्री, कुणी कुणाला धरलंय?
दुसऱ्या आठवड्यात माझी पोटरी सुजली.
तो दारात उभाच,
दुकानात बोहनी व्हायची राहिल्यासारखा.

पंपाच्या शाफ्टची मोठी ऑर्डर आली तेव्हा
डबल पाळी. रात्री दहाला घरी.
विजेच्या खांबापर्यंत नेला, दहा मिनिटं, आणला.
सकाळी गादीचा कापूस घरभर.
बायको म्हणाली, चालण्याची उधारी आहे ही,
वसुली रोख.

मे महिन्यात डांबर तापतं.
हाताची पालथी बाजू रस्त्याला लावायची,
सात आकडे मोजायचे.
आपल्याला सोसत नाही ते त्याच्या पंजानं का सोसावं?
भर चौकात वाकून
रस्त्याचा ताप बघणारा माणूस
म्हणून मला ओळखतात काहीजण.

आणि एकदा दूधकट्ट्याजवळ
एका दगडापाशी तो थांबला.
नाक खाली. अकरा मिनिटं, माझ्या घड्याळानं.
मी पट्टा ओढला, परत ओढला.
म्हशीच्या कासेखालनं हिराबाई ओरडली,
"ओढू नगासा!
पावण्याच्या गावाला गेलासा
तर स्टँडवरनंच माघारी येतासा व्हय?
चार दारं घेतासाच की!"

तेव्हापासून दारं मोजायला लागलो.
पिठाच्या गिरणीची पायरी,
सायकलवाल्याचा हवा भरायचा पंप,
बंद पडलेल्या बंबाची तोटी,
आणि एक जागा, जिथं मला काहीच दिसत नाही.
तिथं तो सगळ्यात जास्त थांबतो.

आता पिस्टन तेराव्यात आहे.
रिंगा झिजल्यात, असं मी म्हणतो,
घरी कुणी हसत नाही.
वेढ्याचा अर्धा झाला, अर्ध्याचा पाव,
मग टॉवरपर्यंत, मग कट्ट्यापर्यंत.
माप असं सुता-सुतानं उतरलं
की व्हर्नियर लावूनही कळलं नसतं
नेमकं कुठल्या दिवशी.
हिराबाई झाकणात थोडा फेस देते,
तो चाटतो, आणि तोंड घराकडं करतो.

मी लेथ सोडला गेल्या वर्षी.
सगळा दिवस माझ्याकडं पडून आहे,
दोन तास मागितले असते तर चार दिले असते.

माझ्या पोटऱ्यांना मात्र हे कळेना.
परवा त्याला ओसरीत सोडून
एकटाच गेलो, अख्खा वेढा.
पट्टा सवयीनं हातात. दोघा-तिघांनी विचारलं.

परत आलो तर उठायला त्याला वेळ लागला.
चपला काढणार तेवढ्यात
नाक टेकवलं माझ्या डाव्या चपलेवर,
टाचेपासून, सावकाश,
संध्यामठ, चिखल, कुणाची तरी नवी कुत्री,
मक्याच्या कणसाची साल,
मग उजवी.

आतून चहा गार होतोय म्हणून हाक आली.
मी उंबऱ्यावर तसाच उभा.
त्याचं अजून पलीकडच्या काठावरच चाललं होतं.