हयातीचा दाखला

नोव्हेंबर. कर्वे रोडवरची बँक, टोकन सत्तेचाळीस.
माजी मंत्री घारपुरे काठी खुर्चीला टेकवतात,
जिवंत असल्याच्या फॉर्मवर सही करतात.

काउंटरवरची मुलगी म्हणते,
"आजोबा, जुळत नाही. परत करा."

मागच्या बाकावर मी. त्यांची त्या वर्षीची स्टेनो.
त्यांनी मला ओळखलं नाही.
मी मात्र तो घ ओळखते,
दांडी ओळीखाली लांब ओढलेला.

त्या रात्री पहिल्या फटक्यात जुळली होती.
नकाशावर पूल, पुलाला लागून बारीक ठिपके.
"हे काय?"
"वस्ती, सर."
साहेबांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
मग म्हणाले, "ते तांत्रिक तुम्ही बघा,"
आणि पेन मागितलं.
पेन माझं होतं.

टिपणात मी "हे काय?" लिहिलं नाही.
लिहू नको, असं कुणी सांगितलंही नव्हतं.
सकाळी आकडा आला, तो टाइप केला,
कार्बन घालून, तीन प्रती.
तिसऱ्या प्रतीवर शून्यं पुसट उमटली.

पुढे सदाशिव पेठेतल्या सभागृहात ते सांगत,
बॉम्ब वैमानिक टाकतात, आम्ही फक्त परवानगी देतो.
टाळ्या पडायच्या. मीही वाजवल्यात.

तिसरी सही. हात थरथरतो.
मुलगी अंगठ्याचं यंत्र पुढे सरकवते.
झिजलेला अंगठा. यंत्रही नाही म्हणतं.

साहेब वळून बाकांकडे बघतात:
"कुणी सांगेल का हिला, मी मीच आहे म्हणून?"

माझं टोकन अठ्ठेचाळीस.
मी उठते.