चष्मा विंगेत

वीस वर्षं काल्याच्या रात्री देवळापुढच्या मंडपात
मी राजा झालो, दोनदा संन्यासी, सुरुवातीला नुसता भालदार,
आणि दर वेळी प्रवेशाआधी
चष्मा काढून शाबीबाबकडे दिला.
शाबीबाब आमचा प्रॉम्प्टर. एका हातात वही,
दुसऱ्यात माझी काच.

मायनस साडेसहा, वर सिलिंडर.
फोकसच्या पलीकडे अख्खं चोडण
पातळ पेज होऊन बसायचं.
त्यात कोण साडू, कोण सरपंच, काही कळायचं नाही.
म्हणून तर बोललो धीटपणे.
दिवसा ज्यांच्या दारात विजेचा मीटर वाचताना
मान वर करत नाही
त्यांना रात्री तोंडावर म्हटलं, नराधमांनो!

एका साली लेन्स लावल्या होत्या.
धुपाने डोळे वाहिले ते थांबेनात.
बायका म्हणाल्या, काय रडला संन्यासी!
पुन्हा नाही लावल्या.

गेल्या साली प्रधान समजून खांबाशी खलबत केलं.
खांबाने नीट ऐकून घेतलं.
खरा प्रधान, उल्हास, मागे खोकत राहिला.
तेव्हा ठरवलं.

ठरवलं म्हणजे लगेच नाही.
आधी पतपेढीचं बुक काढलं, मग परत ठेवलं.
शर्मिष्ठा म्हणाली,
"दोळे म्हळ्यार नाल्ल न्हय रे, सोलपाक."
मी म्हटलं, सोलत नाहीत, घासतात.
हे सांगायला नको होतं.

पणजीला, यंत्राच्या आत
एक लांब सरळ रस्ता, टोकाला रंगीत फुगा.
फुगा विरघळायचा, परत जमायचा.
डॉक्टर कार्दोज म्हणाल्या, पडद्याची जाडी पाचशे अठरा.
"पुरे?"
"पुरे."
घरी येईपर्यंत फेरीत तोच एक शब्द घोळवत होतो.
मग आठवलं पुढचं वाक्य,
तुमचं वय एकेचाळीस. लांबचं लख्ख दिसेल,
पण दोन-चार वर्षांत वाचायला चष्मा लागेल.
म्हणजे मंडप दिसेल आणि वही दिसणार नाही.

महिनाभर तोंडाला रंग लावायचा नाही.
काला मार्गशीर्षात. पंचांग उघडून
चतुर्थीनंतरची तारीख मागितली.
नर्स हसली, मुहूर्त काढताय?
काढतच होतो.

आता कागद फ्रिजवर:
अत्तर नको, आफ्टरशेव्ह नको,
केस आदल्या दिवशी धुवायचे,
थेंब चार वेळा,
परत न्यायला कुणीतरी हवं.
उल्हास येणार आहे गाडी घेऊन.
फेरीत वारा लागेल म्हणून त्याने
त्याच्या पोराचा काळा गॉगल आणून दिला,
कडेने चंदेरी, ज्यात मी
पर्यटकांना भाड्याने स्कूटर देणारा वाटतो.
शाबीबाब काल येऊन बसला, चहा संपवला,
जाताना म्हणाला, "मग आता मी काय धरू?"

सहीचा कागद तीन पानी.
कोरडेपणा, रात्री दिव्यांभोवती कडी,
क्वचित आणखी काही, बारीक अक्षरात.
एक गोष्ट त्यात लिहिलेली नाही.
शर्मिष्ठा सांगते, ती डावीकडे बसते, दुसऱ्या रांगेत.
वीस वर्षं माझी विरहाची सगळी वाक्यं
मी त्या पुसट जागेला वाहिली आहेत.

आज विचारलं. शेवटपर्यंत बसतेस ना?
ती तांदूळ निवडत होती.
"केन्ना केन्ना," म्हणाली. मग थोड्या वेळाने,
"दुसऱ्या अंकात तू बरा असतोस."

डॉक्टर म्हणाल्या आहेत, हिरव्या दिव्याकडे बघत राहायचं,
हलायचं नाही.
म्हणून चष्मा काढून व्हरांड्यात सराव करतोय.
पलीकडे रायबंदरच्या धक्क्यावर एक दिवा आहे,
बहुतेक हिरवा,
कापसासारखा पिंजलेला, इथून केवढा तरी मोठा.
उद्यानंतर तो
टाचणीएवढा होईल.
बघून घेतो.