उशिराची नोंद

रेलीन, तुझ्या फाइलमध्ये माझ्या हातची तीन पत्रं आहेत.
पहिलं गेल्या मार्चमधलं : अकरा मिनिटं उशीर.
दुसरं एप्रिलमधलं : बावीस.
तिसऱ्यात मी मिनिटं मोजलीच नाहीत,
नुसतं लिहिलं, वर्तणुकीत सुधारणा अपेक्षित.
कुणाच्या, हे विचारायचं राहून गेलं.

पहाटे चारची पाळी. हॅवलॉकच्या धक्क्यावर
शिनाणे वाफेतून निघतात
आणि पट्ट्यावरून आपल्यापुढे येतात, तोंडं उघडून.
जे उघडत नाहीत ते पिवळ्या बादलीत.
नव्या पोरींना आपण सांगतो,
त्यांच्या वाटेला जाऊ नका, वेळ जातो.

गाडीच्या चाव्या तो लपवायचा.
हे मला फार नंतर कळलं. कधी टायरमधली हवा,
कधी एक गमबूट.
एकच.
बुटांची जोडी नसेल तर आत सोडायचं नाही,
हा नियमही माझाच.

आणि फोन. दिवसाला नऊ, दहा.
काउंटरवरची हूहाना म्हणायची, काळजी करणारा दिसतो गं नवरा,
आणि आपण सगळ्या हसायचो,
म्हणजे, तू सोडून.
ते हसू मला अजून ऐकू येतं,
शीतगृहाचा पंखा मध्येच थांबला की.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
मी ती मूठ पाहिली, तुझ्या बाहीखाली,
चार बोटं आणि एक अंगठा, निळसर,
एका मंगळवारी, हातमोजे बदलताना.
आणि मी काय म्हणाले?
म्हणाले, लांब बाह्यांचे मोजे कपाटात आहेत.

यंदा मे महिन्यात तू फॉर्म मागितलास.
पगार दुसऱ्या खात्यात जमा करायचा. अर्धाच.
त्यावर कारणाचा रकाना आहे.
तू पेन धरून बसलीस.
बाहेर ट्रक मागे घेताना पीं पीं करत होता.
मी तो रकाना खोडला.
मग उठून दार लावलं.

बाकीचं चुकतमाकत सुचत गेलं.
भिंतीवरच्या पाळ्यांच्या तक्त्यातून तुझं नाव काढलं.
तुझी गाडी मागे, बर्फाच्या ट्रकांआड.
हूहानाला कारण सांगितलं नाही, तिने विचारलंही नाही,
"रेलीन? नाही बाबा, आज आलेली नाही,"
इतक्या सराईतपणे ती फोनवर खोटं बोलली
की मी तिच्याकडे बघतच राहिले.
कायद्यात दहा दिवसांची भरपगारी रजा आहे.
ते माहितीपत्रक माझ्याच टेबलावर होतं, कधीपासून,
त्यावर मी चहाचा मग ठेवायचे.

तू सहा दिवस घेतलेस. चार राखून ठेवलेस.
"लागले तर," म्हणालीस.

ती पत्रं आता काढता येत नाहीत.
मुख्य कार्यालय म्हणतं, नोंद ती नोंद.
म्हणून हे चौथं, त्यांच्यावर टाचलेलं :

अकरा मिनिटं, बावीस मिनिटं.
एवढ्यात ही बाई दुसरा बूट शोधून
अंधारात चालत कामावर आली.
उशीर माझा आहे.
चौदा महिने, अधिक तो मंगळवार.

सही. हुद्दा. तारीख.