लुकलुक

दम्मामच्या शेडमध्ये सकाळी सहाला
मेगर हातात घेऊ नये, हे मला दुसऱ्या आठवड्यात कळलं.
रात्रभर समुद्र तारांत शिरून बसलेला असतो.
हँडल फिरवावं तर काटा
आजारी माणसासारखा उठतो नि लगेच आडवा होतो.
दहापर्यंत पत्रा तापतो,
सागवानाला फुटलेला घाम वाळतो,
मग तोच काटा, तीच तार,
आणि आकडा असा की सही करायला हरकत नाही.
म्हणून मी रिपोर्टात वेळ लिहितो.
वर्गीस म्हणतो, वेळेचा रकानाच नाही.
मी समासात लिहितो.

डबा त्रेपन्न सालचा.
खाली साठ मीटर रूळ, पुढे भिंत, मागे भिंत.
तरी त्याच्या पोटाखाली डायनामो टांगलाय पट्ट्यासकट,
आणि चाक फिरत नाही म्हणून
मी बाजूला मोटर बसवून त्याला सांगतो:
गाडी निघाली. आता वीस. आता तीस. आता चाळीस.
बिचारा विश्वास ठेवतो.
चोवीस व्होल्ट देतो, इमानाने.
झरीन गुल दाराला पॉलिश मारता मारता विचारतो,
उस्ताद, कुठवर आलो?
मी म्हणतो, हुफूफ गेलं, तू झोपला होतास.

मी भुसावळचा. ट्रेन लायटिंगला एकतीस वर्षं.
गाडी स्टेशनात शिरताना मंदावते,
डायनामो हात काढून घेतो, बॅटरी हात देते,
आणि त्या दोन हातांच्या मधे
दिवा क्षणभर कुणाचाच नसतो.
तेवढंच. पण तेवढ्यात
कुणाची पिशवी जाते, कुणाचं पोर भोकाड पसरतं,
कुणी तक्रारवहीत दोन पानं लिहितं
आणि गव्हाणेसाहेब मला बोलावून घेतात.
रिले घास, कार्बनच्या चकत्या बदल, परत लाव.
लुकलुक काढण्याचाच मी पगार खाल्ला.

बुधवारी संग्रहालयाच्या रीमबाई आल्या.
चपला खाली काढून डब्यात चढल्या,
खिडकीशी बसल्या, पाच मिनिटं वर बघत.
म्हणाल्या, फारच नीट जळतात.
माझी मावशी सांगायची,
अबकैक यायच्या आधी दिवे एकदा डोळा मारायचे.
पाटी वाचता येत नसे तिला.
दिवा गेला की बोचकं आवरायचं, पोरं मोजायची.
मग माझ्याकडे वळून,
तो डोळा परत बसवता येईल?

नवा रेग्युलेटर सीलबंद, चुकायला तयार नाही.
चार दिवस मी त्याला चुकायला शिकवतोय.
अर्धा सेकंद ठेवला तर बिघाड वाटतो,
पाव ठेवला तर कुणाला कळतच नाही.
रात्री खोलीत एसीची घरघर ऐकत पडलो:
जिच्यामागे एकतीस वर्षं लागलो
तिची लांबी मी कधी मोजलीच नव्हती.
विमलला फोन केला.
ती म्हणाली, मला काय विचारता,
मी तुमच्या गाड्यांत कायम झोपलेली.
मग जरा थांबून,
एकदा बडनेऱ्याला जाग आली होती बघा.
अंधार दिसला, मी 'अहो' म्हटलं,
म्हणेपर्यंत आलेच होते दिवे.
तुम्ही जागचे हलला नव्हतात.

आज पुन्हा चाचणी.
चाळीस. तीस. वीस.
मी मनात, तिच्या आवाजात:
'अ'ला गेले,
'हो'ला आले.

झरीन गुलचा हात कडीवर थांबला.
मग तो वाकून
आपली फडकी, डबा, ब्रश गोळा करायला लागला,
उतरायचं असल्यासारखा.

वर्गीस पेन उघडून उभा आहे.
त्याला आकडा हवाय.