डावा इंडिकेटर

गॅरेजच्या पत्र्याखाली आली की ती गाडी शहाणी.
दोनदा ठेवून घेतली, तासतासभर चालू सोडली,
इंजिनावर पाण्याने भरलेला पेला ठेवून बघितला,
थेंब सांडला नाही.

चंपावती शेटगावकर म्हणाल्या, अहो, उचक्या देते.
कधी? संध्याकाळची.
रोज? नाही, कधीतरी.
कुठं?
त्यावर त्या पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

तीन सिलिंडरची जुनी आठशे, तिचं असून असणार किती.
प्लग आधीच्या मेस्ताने बदललेले, तरी मी
एकेक वायर उपटून पाहिली:
काढली की इंजिन लंगडतं, लावली की सावरतं.
तिघंही कामावर हजर.
डिस्ट्रिब्युटरची टोपी उन्हात उलटी धरून
केसाएवढी चीर शोधली. नव्हती.
रात्री दिवे घालवून बॉनेट उघडलं,
ठिणगी कुठं चोरवाटेने पळते का बघत उभे राहिलो.
बाबुसो ओरडला, मेस्त, ती बघा!
काजवा होता.

मग म्हटलं, बाई, मीच येतो बाजूला बसून,
तुमच्या वेळेला, तुमच्या रस्त्याने.
त्या थोडं थांबल्या. मग म्हणाल्या, या.

त्या अंगणवाड्यांच्या मुख्यसेविका. मागच्या सीटवर
बाळांचा वजनकाटा, प्रत्येक खड्ड्यात खुळखुळणारा.
माझ्या मांडीवर मीटर,
त्याच्या दोन वायरी खिडकीतून बॉनेटखाली गेलेल्या.
पेडण्याचा बाजार गेला, पार्सेचा चढ गेला,
चौदा व्होल्ट, चौदा व्होल्ट,
गाडी आपली गुमान.

मिठागरांच्या अलीकडे त्यांनी डावा इंडिकेटर घातला.
दिवे लागलेले, पाय ब्रेकवर,
आणि इंजिनाने ठेच खाल्ली.
टिक्, ठेच.
टिक्, ठेच.
इंडिकेटरच्या तालावर, एकही न चुकवता.
काटा तेरावर, अकरावर, पुन्हा तेरावर.
सापडली! असं ओरडणारच होतो,
बाजूला बघितलं आणि तोंड मिटलं.

बांधावरच्या एका घरापुढं आम्ही थांबलो होतो.
दाराला कुलूप नव्हतं. माडीवर दिवा होता.
त्यांनी हॉर्न दिला नाही. कुणी बाहेर आलं नाही.
इंजिन आचके देतंय, इंडिकेटर तसाच चालू,
खाजणाच्या पाण्यात एक पिवळा डाग
उमटतो, जातो, उमटतो.
तीन मिनिटं असतील, चार असतील.
मग म्हणाल्या, इथून वळवते मी.

सकाळी बॅटरी उतरवली, तिच्याखालचा तबक काढला.
इंजिनातून बॉडीला जाणारा तांब्याचा पट्टा
खाऱ्या वाऱ्याने हिरवागार खाल्लेला,
चार-पाच तारा काय त्या धरून राहिलेल्या.
ठिणगी असो, दिवा असो, सगळ्यांना परत फिरायला
हीच एक साकवाएवढी वाट.
एकेकटे आले तर साकव पेलतो.
ब्रेक, दिवे, इंडिकेटर एकदम आले की
ठिणगी बिचारी अलीकडेच उभी.

या पट्ट्याला आमच्यात अर्थ म्हणतात.
बाबुसोने विचारलं, मेस्त, अर्थ गेला होता?
म्हटलं, गेला नव्हता रे, लागत नव्हता.
त्याला हसू आलं. मला पाना सापडेना.

जागा खरवडून पांढरी केली, नवा पट्टा कसला,
वरून ग्रीस चोपडलं. साडेचारशे रुपये.
पैसे मोजताना त्यांनी विचारलं,
आता तिथं बंद नाही ना पडणार?
'तिथं' म्हणाल्या, आणि पावतीची घडी घालत बसल्या,
घडीवर घडी, तिकिटाएवढी होईपर्यंत.
नाही पडणार, मी म्हटलं.
आता कितीही वेळ उभी करा.
हे म्हणायला नको होतं बहुतेक.

वहीत लक्षण लिहून ठेवतो मी, पुढच्या वेळेसाठी:
संध्याकाळी. दिवे लावून. ब्रेकवर पाय. डावीकडे वळताना.
शेवटी 'कुठे' असा एक रकाना आहे.
मेस्त, हा राहिला, बाबुसो म्हणाला.
राहू दे.
तिथं माझ्या अंगठ्याचं ग्रीस
आधीच लागलं होतं.